कंपन्या आणतील म्हणून सरकारी फायबर मरू देऊ नका

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून लोकसभेत, विधानसभेत आणि विधान परिषदेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाचा, चांदोली धरणाकडच्या डोंगरपट्ट्यातला. दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून लागलो आणि केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झालो. उमेदीची सगळी वर्षं खांब, तारा, एक्सचेंज आणि शेवटी ऑप्टिकल फायबर यांच्यात गेली. आज माझी सून गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, म्हणजे घर अजूनही तारेवरच चालतं. हे पत्र खुलं लिहितोय, कारण यातली तक्रार एकट्या आमच्या गावाची नाही.

निमित्त मागच्या ग्रामसभेचं. पंचायतीत आलेली सरकारी फायबर लाइन बंद आहे, ती कधी चालू होणार, असं मी विचारलं. तालुक्याहून आलेल्या एका जबाबदार व्यक्तीने उत्तर दिलं, "आता टॉवर झालेत, फाइव्ह-जी आलंय. नेट द्यायला कंपन्या आहेत की. सरकारनं त्यात पैसा कशाला घालायचा? इंटरनेट हे सरकारचं काम कधी नव्हतंच." सभेत पुष्कळांना ते पटलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की हाच सूर वरच्या कार्यालयांतही आहे. मला तो मान्य नाही. ज्या समजुतीवर पैसे द्यायचे की थांबवायचे हे ठरतं, ती समजूत आधी तपासली पाहिजे.

इंटरनेटचा उगमच सरकारी पैशात आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या 'आर्पा' या संस्थेने आर्पानेटचा खर्च उचलला आणि 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला पहिला संदेश गेला. 1 जानेवारी 1983 पासून त्या जाळ्यावर जे नियम लागू झाले, त्या टीसीपी-आयपीवर आज तुमचा-आमचा मोबाइल चालतो. पुढे तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठं जोडणारं एनएसएफनेट उभं केलं. मुख्य लाइन सुरुवातीला सेकंदाला 56 किलोबिटची होती, 1988 मध्ये ती दीड मेगाबिटची झाली, नंतर 45 मेगाबिटची. त्या लाइनवर धंदा करायला नियमाने बंदी होती. ज्यांना धंदा करायचा होता त्यांनी शेजारी आपली जाळी उभारली. त्यांना ते जमलं, कारण तोवर तंत्र ठरलेलं होतं, माणसं शिकून तयार होती आणि वापरणारं गिऱ्हाईकही विद्यापीठांत घडलेलं होतं. 30 एप्रिल 1995 ला सरकारने आपली मुख्य लाइन बंद केली आणि वाहतूक कंपन्यांच्या जाळ्यांवर सोपवली. 1969 ते 1995 या सव्वीस वर्षांत नफ्याची वाट न बघता खर्च करणारा सरकारच होता. वेबचंही तसंच. युरोपातल्या सरकारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सर्न या प्रयोगशाळेत ती जन्मली आणि 30 एप्रिल 1993 ला सर्नने ती सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली.

आपल्याकडची गोष्ट तर मी स्वतः पाहिली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, 1976 मध्ये सुरू झालं. जिल्ह्याची कलेक्टर कचेरी उपग्रहामार्फत दिल्लीच्या संगणकाशी त्याच संस्थेने जोडली. त्या काळी आमच्या भागात ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसावं लागायचं. 1986 मध्ये शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट आलं. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) अशा संस्था त्यात जोडल्या गेल्या. देशातलं पहिलं ई-मेल याच सरकारी जाळ्यातून बाहेर गेलं. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगमकडून, आणि ती कंपनीही सरकारचीच होती.

सी-डॉटबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे. टेलिफोनचं देशी तंत्र तयार करणारी ही संस्था केंद्र सरकारने 1984 मध्ये काढली. परदेशी एक्सचेंजना वातानुकूलित खोली लागायची आणि आमच्याकडे तर वीजच भरवशाची नव्हती. सी-डॉटच्या इंजिनिअरांनी 128 लाइनचं असं ग्रामीण एक्सचेंज बनवलं की ते धुळीत आणि उन्हात, एसीशिवाय चालायचं. 1986 मध्ये त्यातलं पहिलं कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. ते तंत्र सरकारने कपाटात ठेवलं नाही, सरकारी आणि खासगी अशा अनेक कारखान्यांना दिलं. त्यातून यंत्रं बनली, गावोगावी एक्सचेंज बसली, एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले आणि कित्येक अपंग बांधवांचं पोट त्या बूथवर चाललं. अशी एक्सचेंज बसवायला मी हात लावला आहे. पहिल्यांदा डायल टोन आला की गावातली जाणती माणसं रिसीव्हर कानाला लावून ऐकत बसायची. मुंबईला गिरणीत, माथाडीत, डब्यांवर असलेल्या पोराचा आवाज घरबसल्या ऐकू येणं म्हणजे काय, हे आमच्या भागाला नव्याने सांगायला नको. त्या एक्सचेंजच्या खर्चाला कुठल्याही कंपनीचा ताळेबंद पुरा पडला नसता.

याचा अर्थ सरकारने सगळं बरोबर केलं असा नाही. टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असायचे. 1995 ते 1998 या काळात इंटरनेट एकाच सरकारी कंपनीच्या हातात होतं, आणि ते महागही होतं, संथही होतं. नोव्हेंबर 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि वेग आला. 2016 नंतर डेटा इतका स्वस्त झाला की शेतमजुराच्या हातात व्हिडिओ आला, ती कंपन्यांच्या स्पर्धेची कमाई आहे. मी आयुष्यभर सरकारी खात्यात राबलो, तरी मक्तेदारीचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण या स्पर्धेलाही पंच सरकारनेच दिला. 1997 च्या कायद्याने ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्थापन झाली. त्याच ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 ला ठरवलं की मजकूर बघून डेटाचे दर वेगवेगळे लावता येणार नाहीत. तो निर्णय झाला नसता, तर कोणती वेबसाइट स्वस्त आणि कोणती महाग हे कंपन्यांनी ठरवलं असतं.

आपल्याकडे रस्ता सरकारने केला. त्यावर एसटीही धावते आणि वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीपही. वडापवाल्याने आधी घाट फोडावा, मग प्रवासी भरावेत, असं कोणी कधी म्हटलं नाही.

आता आमच्या गाऱ्हाण्यांकडे येतो.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर देण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. प्रत्येक पंचायतीला सेकंदाला 100 मेगाबिट, असा वायदा होता. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतलं. आमच्या पंचायतीत केबल आली, भिंतीवर पेटी बसली, छपरावर सोलर पॅनेल लागलं, फोटो निघाले. काही काळ लाइन चालली. मग पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्त्याकडेने जेसीबी फिरला आणि केबल तुटली. ठेकेदाराने चर बुजवला आणि तो निघून गेला. त्यानंतर आजवर लाइन जागेवर आलेली नाही. पेटीतल्या बॅटऱ्या फुगल्या आहेत. कागदावर मात्र आमची पंचायत 'जोडलेली' आहे.

याच कामात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, फायबरचा तुटलेला ठिकाणा शोधणं अवघड नाही. ओटीडीआर यंत्र लावलं की दोष किती मीटरवर आहे ते पडद्यावर दिसतं. खड्डा घ्यायचा, कोर, म्हणजे केबलमधले काचेचे धागे, जोडायचे, जॉइंट क्लोजरमध्ये बसवायचे. एका जॉइंटरचं आणि दोन मजुरांचं दिवसभराचं काम. अडतं ते माणसाअभावी. माझ्या पिढीचे जॉइंटर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दुरुस्ती ठेक्यावर गेली, ठेकेदाराने ती उपठेकेदाराला दिली, आणि आमच्या तालुक्यासाठी जबाबदार कोण हे विचारलं की प्रत्येक जण पुढचा फोन नंबर देतो.

दुसरं गाऱ्हाणं केबलच्या मांडणीचं. सुरुवातीच्या टप्प्यांत तालुक्याच्या एक्सचेंजमधून निघालेली लाइन सरळ एका गावातून पुढच्या गावात गेली. मधे कुठेही तुटली की पलीकडची सगळी गावं मेली. डोंगरपट्ट्यात दरड कोसळते, झाड पडतं, रस्ता खचतो. इथे लाइन रिंगची पाहिजे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येत राहतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात रिंगची मांडणी आहे, दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. म्हणजे आम्ही मागतोय ते सरकारने स्वतःच योग्य मानलेलं आहे. मग ग्रामसभेत "सरकारचं काम नाही" असं उत्तर का मिळावं?

"टॉवर झालेत, आता फायबर कशाला" हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. टॉवर म्हणजे शेवटचा टप्पा. त्याच्या मागे फायबर नसेल तर तो मायक्रोवेव्हने, म्हणजे बिनतारी लहरींवर, दुसऱ्या टॉवरकडून उसना सिग्नल घेतो आणि गर्दी झाली की सगळ्यांचाच वेग बसतो. खाली फायबर असेल तर टॉवरही चांगला चालतो. शिवाय आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तासांत संपते आणि डिझेल घेऊन येणारा माणूस रस्ता मोकळा होईपर्यंत पोहोचत नाही.

आणि याच काळात सरकारने जगण्याची एकेक गोष्ट ऑनलाइन नेली. 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. माहिती वर चढवायला शेवटी रेंज लागतेच. रोजगार हमीच्या कामावर अॅपमध्ये फोटोसह हजेरी घेण्याची सक्ती 1 जानेवारी 2023 पासून झाली. रेशनला अंगठा, पेन्शनला हयातीचा दाखला, पोरांच्या शिष्यवृत्तीला महाडीबीटी, लाभाच्या प्रत्येक योजनेला ई-केवायसी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा आमचा हक्क झाला, पण अर्ज भरायची वाटच नेटवर्कमधून जाते. माझ्या सुनेच्या केंद्रात म्हाताऱ्या बायका सकाळी येतात आणि "सर्व्हर नाही" हे ऐकून दुपारी परत जातात. अंगठा लागत नाही, ओटीपी येत नाही. शेवटी एसटी धरून कोकरूडला किंवा शिराळ्याला जातात. एका सातबाऱ्यासाठी दिवसाचा रोजगार बुडतो. सरकारने सेवा नेटवर्कवर नेली, तर ते नेटवर्क पोहोचवणं आणि चालू ठेवणं हे सरकारचंच कर्तव्य ठरतं. कंपनीने आमच्या गावात टॉवर लावायचा की नाही ते तिच्या हिशेबावर ठरेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नफा दिसत नाही तिथे कोणतीही कंपनी येणार नाही.

पैसा नाही असंही कोणी म्हणू नये. 2002 पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातले 5 टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जातात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी हे नाव दिलं. कंपन्या तो पैसा अखेर आमच्याच रिचार्जमधून वसूल करतात. म्हणजे चांदोलीच्या काठावरचा धनगर, कांदाटी खोऱ्यातला लाँचने ये-जा करणारा शेतकरी, जतच्या सीमेवरचा मेंढपाळ, हे सगळे या निधीचे वर्गणीदार आहेत. ज्या गावांत धंदा परवडत नाही तिथे सेवा पोहोचवणं, हाच त्या निधीचा हेतू आहे.

आपल्याच भागातलं एक जुनं उदाहरण सांगतो. 1998 मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक बसवून ती जोडली. काम एनआयसीने केलं. पुण्या-मुंबईच्या घरांतही तेव्हा नेट दुर्मीळ होतं आणि आमच्या शेजारचा शेतकरी उसाची नोंद, वजन, तोडीची परवानगी गावातल्या संगणकावर बघत होता. देशभरातून लोक तो प्रयोग बघायला आले. पुढे मात्र ते संगणक मुख्यतः ऊस आणि कारखान्याच्या कामापुरतेच उरले. उभारणीला जेवढं लक्ष मिळालं तेवढं देखभालीला आणि नव्या उपयोगांना मिळालं नाही. भारतनेटच्या पेट्यांचं आज तेच होतंय.

कोयनेच्या आणि वारणेच्या पाण्याखाली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांच्या जमिनी गेल्या. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली. त्या धरणांच्या काठावरची उरलेली गावं जोडणीच्या यादीत शेवटी का, याचं उत्तर विधानभवनात मागितलं गेलं पाहिजे.

आमच्या मागण्या अशा.

लाइन 'टाकली' हे मोजणं थांबवा, 'चालली' हे मोजा. कोणत्या पंचायतीची लाइन महिन्यात किती दिवस जिवंत होती, ही नोंद नियंत्रण केंद्रात आपोआप होते. ती दर महिन्याला दोन्ही जिल्ह्यांसाठी जाहीर करा आणि पंचायतीच्या फलकावर लावा. बाकी सगळ्या मागण्यांचा पाया ही मागणी आहे, कारण खरे आकडे बाहेर आले की कोणाला काय विचारायचं ते लोकांना कळेल.

प्रत्येक तालुक्याला जॉइंटरचं एक कायम पथक हवं, ओटीडीआर आणि जोडयंत्रासह. त्यात आयटीआय झालेली स्थानिक मुलं घ्या. आम्ही निवृत्त लोक त्यांना मोबदल्याशिवाय शिकवू, हा माझा शब्द.

सुधारित कार्यक्रमातली रिंग आधी डोंगरात आणि दुष्काळी टोकाला करा: शिराळ्याचा पश्चिम भाग, पाटण, जावळी, कांदाटी खोरं, आणि पूर्वेला जत, आटपाडी, माण, खटाव. जिथे एकच टॉवर आहे किंवा एकही नाही, ती गावं पहिली.

खोदकाम करणाऱ्याने आधी कळवावं यासाठी केंद्राने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आणलं. रस्ता असो की पाणी योजना, अॅपवर नोंद नसेल आणि केबल तुटली असेल तर ती जोडून झाल्याचा दाखला आल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. जिल्हा नियोजन समितीत हा ठराव तुम्ही एका बैठकीत करून घेऊ शकता.

पंचायतीपर्यंत आलेल्या केबलमधले रिकामे कोर जाहीर दराने भाड्याने द्या. गावचा केबलवाला, बचत गट, दूध संस्था, मोठी कंपनी, जो मागेल त्याला सारखाच दर, आणि एकट्या कोणालाही मक्ता नको. केरळ सरकारने स्वतःचं फायबर जाळं वीज मंडळाच्या खांबांवरून नेलं आणि जून 2023 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. सहकाराची सवय तर आपल्यालाच जास्त आहे.

शेवटचं, आणि हे लगेच करता येण्यासारखं आहे. ज्या दिवशी नेटवर्क बंद त्या दिवशी कागद चालला पाहिजे. रेशनचं धान्य नोंदवहीत सही घेऊन द्या, मजुराची हजेरी मस्टरवर मांडा, पीक पाहणी ग्राम महसूल अधिकाऱ्याने करावी, अर्जाची मुदत तेवढ्या दिवसांनी वाढावी. यासाठी केबल लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

तुमच्यापैकी काहींना मी तरुणपणापासून ओळखतो. काहींच्या घरचा पहिला टेलिफोन मी जोडला आहे. तुम्ही कोणत्या पक्षाचे आहात याच्याशी या पत्राचा संबंध नाही. येत्या अधिवेशनात दोन्ही जिल्ह्यांच्या सदस्यांनी मिळून हा प्रश्न मांडावा आणि यातल्या कोणत्या मागण्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे लेखी कळवावं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ते उत्तर वाचून दाखवण्याचा विषय मी सरपंचांकडे आधीच दिला आहे.

आपला,
शिराळा तालुक्यातील एक निवृत्त केबल जॉइंटर